पांढरा थर

आठवड्यापूर्वी मीच आजोबांच्या मुलीच्या हातात झिंक ऑक्साइडच्या मलमाची डबी दिली होती. "डायपर बदललं की दर वेळी लावा," एवढं सांगून निघाले. घरोघरी फिरणाऱ्या नर्सचं हे असंच, पुढची व्हिजिट आधीच डोक्यात असते. परत गेले तर मुलगी दारातच म्हणाली, "सिस्टर, बाबांचं वाढलंय हो. बेडसोर झालाय."

आजोबा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. त्यात अँटिबायोटिकचा कोर्स आणि जुलाब. कुशीवर वळवलं, तर दोन्ही कुल्ल्यांवर, मधल्या घडीत, पार जांघेपर्यंत लालबुंद. मध्येमध्ये साल निघून ओलं चकाकत होतं. पण बेडसोर नव्हता. तो बहुधा हाडाच्या उंचवट्यावर धरतो, माकडहाडावर, खुब्यावर, आणि त्याच्या कडा बऱ्यापैकी रेखीव असतात. हे पसरट होतं, कडा विरलेल्या. आजूबाजूला सुट्या लाल पुटकुळ्या आहेत का तेही पाहिलं. त्या दिसल्या की बुरशीची शंका येते, मग नुसत्या मलमाने भागत नाही, डॉक्टरांना दाखवावं लागतं. तशा नव्हत्या.

डबी पाहिली. तळ दिसत होता, म्हणजे मलम लागत होतं. "माझ्यासमोर एकदा बदला बघू," म्हटलं.

तिने साबणाचा फेस केला, टॉवेल घेतला आणि घासायला लागली. मलमाचा पांढरा ठिपकाही राहू नये म्हणून पुन्हा पुन्हा, घडीत बोट घालून. आजोबांना बोलता येत नव्हतं, पण चांगल्या हाताने त्यांनी पलंगाचा कठडा गच्च धरला. बोटांची पेरं पांढरी पडली.

"जुनं राहिलं तर जंतू होतील ना?" दिवसातून सात-आठ वेळा हे चाललं होतं. लावायचं कसं ते मी सांगितलं होतं, काढायचं कसं ते नाही.

तिला म्हटलं, हे मलम म्हणजे कातडीचा रेनकोट. लघवीतल्या युरियाचा जंतूंमुळे अमोनिया होतो, आणि तो अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, पीएच साधारण 4.5 ते 5.5. ती आम्लता गेली की शौचातली एन्झाइम्स, म्हणजे अन्न पचवणारी द्रव्यं, आणखी जोमाने कातडी खातात. साबणही अल्कधर्मीच, म्हणजे त्यांच्याच बाजूचा.

मग दुसऱ्यांदा मी करून दाखवलं. कोमट पाणी, मऊ कापड, चोळायचं नाही, टिपायचं. मळलेला वरचा थर तेवढा उचलायचा, खालचा स्वच्छ पांढरा तसाच ठेवायचा. घट्ट बसलेलं काढायचंच असेल तर कापसावर लिक्विड पॅराफिन, म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारं पातळ तेल. वरून नवा थर, बोट न घासता. उशाशी टाल्कम पावडरचा डबा होता, तो उचलायला लावला. ओल्यावर तिचे गोळे होतात आणि तेच टोचतात. जुलाबांचं डॉक्टरांना फोन करून कळवलं, कारण नळ चालू ठेवून फरशी किती पुसणार?

चौथ्या दिवशी गेले. डबीच्या झाकणावर चिकटपट्टी लावून पेनाने लिहिलेलं: घासायचं नाही. लाली उतरणीला लागली होती, ओले चट्टे सुकत होते. मुलगी डायपर बदलायला लागली तशी माझी नजर आधी कठड्याकडे गेली. आजोबांचा हात चादरीवर सैल पडला होता.