आमची वाटचाल : बापाचं वय शून्य

2014 ला चाळीसगावात घराच्या पुढच्या खोलीत दोन सतरंज्या टाकून सुरुवात केली. क्लास असा नाहीच म्हणा, पाटीवर लिहिलं होतं 'गणिताचा गृहपाठ करून घेतला जाईल'. पहिल्या महिन्यात सहा पोरं, त्यात दोन माझ्या भाच्या, म्हणजे फी चौघांचीच. तीही कापूस विकला की देऊ असं बोलणं, त्यामुळे दिवाळीपर्यंत खडू पण उधारीवर.

खरं सांगतो, पालकांना वही पूर्ण पाहिजे होती, पोराला समजलं का नाही ते नंतर. मग मी पण तेच विकायला लागलो. 2020 ला लॉकडाऊन लागला, खोली बंद, म्हणून व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला, रोज संध्याकाळी सोडवलेल्या गणितांचे फोटो टाकायचे आणि फी फोनवरच. धंदा म्हणून एकदम भारी, ना खडू ना लाईटबिल, पोरं साठच्या वर गेली.

एक दिवस घाई होती, एका हुशार पोराने पाठवलेला वहीचा फोटो न बघताच ग्रुपवर फॉरवर्ड केला. गणित साधंच. वडिलांचं वय मुलाच्या चौपट, 5 वर्षांनी तिप्पट होईल, तर आजची वयं काढा. मुलगा एक्स, वडील 4 एक्स, इथपर्यंत बरोबर. पुढे 4 एक्स + 5 = 3(एक्स + 5) लिहायचं तर पठ्ठ्याने कंस खाल्ला, 3 एक्स + 5 केलं, की एक्स आला शून्य. खाली दोन रेघा मारून उत्तर, मुलाचे वय 0 वर्षे, वडिलांचे वय 0 वर्षे. सगळ्यांनी उतरवून घेतलं, एकालाही खटकलं नाही. दुसऱ्या दिवशी एका ताईंचा फोन, स्वतः सातवी शिकलेल्या, शेतातून बोलत होत्या, म्हणे सर, बाप आन पोरगा एकाच दिवशी जन्मले का?

काय बोलणार. 3 ने कंसातल्या दोघांनाही गुणायचं, 3 एक्स + 15, मग मुलगा 10 आणि वडील 40, 5 वर्षांनी 15 आणि 45, झालं तिप्पट. ताळ्याला अर्धा मिनिट लागत नाही, तो मी पण केला नव्हता.

त्या रात्रीपासून ग्रुपवर उत्तरं बंद. महिन्याभरात निम्मी पोरं गेली, बायकोने हिशोबाची वही समोर ठेवली आणि काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

आता पोरगा अडलेली वही घेऊन येतो, आम्ही फक्त त्याचा हात कुठल्या ओळीवर थांबला ते शोधतो, पुढे त्यानेच सोडवायचं. बहुतेक वेळा कंस नाहीतर बरोबरच्या चिन्हापलीकडे नेताना न बदललेला वजा, नाहीतर '5 ने जास्त' आणि '5 पट' यातला घोळ. आणि नववी-दहावीच्या पोरांचं बीजगणित अडतं असं सगळे म्हणतात, मला तर पाचवीचे अपूर्णांकच अडलेले दिसतात. ताळा लिहिला नाही तर सही मिळत नाही.

नवीन पोरांना पहिल्या दिवशी भास्कराचार्यांच्या लीलावतीतलं भुंग्यांचं गणित देतो, पाचवा हिस्सा कदंबाच्या फुलांवर, तिसरा हिस्सा शिलिंध्राच्या फुलांवर, या दोघांतल्या फरकाची तिप्पट कुटजाच्या फुलांवर, एक भुंगा उरला, तर एकूण किती? उत्तर 15. मग 3, 5, 6 आणि 1 मोजून दाखवायचे. ग्रंथ 1150 चा, आणि जवळच्या पाटणला 1207 चा शिलालेख आहे, त्यात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढल्याचं लिहिलंय, म्हणजे तालुक्यातला जुना क्लास तोच, आम्ही फार नंतरचे.

आज दोन खोल्या आहेत, शिकवायला एक मॅडम पण आहेत. त्या ताईंची धाकटी मुलगी सातवीच्या बॅचला येते, फी अजून कापसावरच. पाटी पण बदलली, 'गृहपाठ करून मिळणार नाही' असं मोठ्या अक्षरात लिहिलंय, तरी आठवड्यातून एखादा पालक पाटीखालीच उभा राहून विचारतो, सर, वही पूर्ण करून देता ना?