आत्याला मासे दिसेपर्यंत

डिसेंबरात मालवणला गेलो तेव्हा सिंधुदुर्ग किल्ल्याच्या जवळ आम्ही तिघांनी स्कूबा केलं. बोटवाल्याने आधीच सांगून ठेवलं होतं, "आज पाणी जरा गढूळ आसा, पण मासे बघूक गावतले." गावले की! लेकीच्या हातातला पाव खायला काळ्या पट्ट्यांचे मासे असे तुटून पडले की तिची बोटंसुद्धा दिसेनात. (माशांना पाव घालू नये, हे नंतर कळलं.) सगळं माझ्या ॲक्शन कॅमेऱ्यात टिपलं गेलं. ६ मिनिटं, फोर-के, फाईल साडेचार जीबी.

घरच्या ग्रुपवर एवढी फाईल जाणं शक्यच नव्हतं. म्हणून मोबाईलवरच दोन मिनिटांचा तुकडा कापला आणि टाकला. ॲपने तो परस्पर चेपून १४ एमबीचा केला. दहा मिनिटांनी आत्याचा फोन. "अरे, मासे कुठेयत? मला तर नुसती हिरवी लादी दिसतेय." उघडून बघितलं तर खरंच लादी! माशांच्या जागी चौकोन, आणि बुडबुडे आले की सगळी स्क्रीनच विरघळल्यासारखी.

मग लॅपटॉपवर हँडब्रेक हे व्हिडिओ दाबून लहान करायचं फुकटातलं सॉफ्टवेअर टाकलं. एच.२६४ (व्हिडिओ दाबायची एक पद्धत), १०८० रेझोल्यूशन, क्वालिटीचा आकडा आरएफ २२. हा आकडा जितका लहान, तितकं चित्र चांगलं आणि फाईल मोठी. २२ म्हणजे मधला सुरक्षित आकडा. तरी दोन मिनिटांचे २४० एमबी! माझ्याच चुकीने काहीतरी झालं असेल म्हणून गॅलरीतून शूट केलेला सोसायटीचा दोन मिनिटांचा व्हिडिओ त्याच सेटिंगवर चालवला. तो ३८ एमबीत बसला.

इथे डोक्यात प्रकाश पडला. व्हिडिओ दाबताना प्रत्येक फ्रेम, म्हणजे त्यातलं एकेक स्थिर चित्र, नव्याने लिहीत नाहीत. आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं, काय कुठे सरकलं, तेवढंच बहुतेक लिहितात. सोसायटीत बदलतं काय? एक रिक्षा जाते, वॉचमन उठून परत बसतो. भिंत तशीच, आकाश तसंच. पाण्यात मात्र काहीच तसंच राहत नाही. गाळाचे कण तरंगतात, बुडबुडे वर जातात, वरून येणारा उजेड वाळूवर जाळ्यासारखा हलतो, आणि शूट करणाराही लाटेबरोबर झुलत असतो. माशांपेक्षा जास्त जागा मी गाळाला देत होतो.

म्हणजे आधी गाळ गाळायला हवा होता. हँडब्रेकच्या फिल्टरमध्ये डीनॉइज आहे, म्हणजे चित्रातले बारीक दाणे पुसायची सोय, त्यात एनएलमीन्स ही पद्धत निवडली. पहिल्याच झटक्यात 'स्ट्राँग' ठेवलं आणि रात्रभर लॅपटॉप फॅनचा आवाज करत बसला. सकाळी फाईल झकास लहान, पण मासे साबणाच्या वड्यांसारखे गुळगुळीत. अंगावरचे खवले गायब. शिवाय मागच्या हिरव्या पाण्यात नवीनच भानगड: गडद ते फिकट असा जो सलग उतार होता, त्याच्या पायऱ्या पडल्या, नकाशातल्या उंचीच्या रेषांसारख्या. ते बारीक दाणेच या पायऱ्या झाकून ठेवत होते, हे ते पुसल्यावर कळलं. १०-बिट एच.२६५ (रंगांच्या जास्त छटा ठेवणारी नवी पद्धत) वापरलं की पायऱ्या कमी होतात, पण आत्याचा फोन जुना, त्यावर चालेल याची खात्री नाही. शेवटी 'लाइट' वर आलो. ९५ एमबी. खवले शाबूत, पायऱ्या मुद्दाम शोधल्या तरच दिसतात.

रंगाचं काम मी याच्या आधीच उरकलं होतं, तेही दोनदा. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं, म्हणून सगळं हिरवट दिसतं. मी उत्साहात लाल भरमसाट वाढवला. लेकीचा चेहरा माणसात आला, पण लाल चॅनलमध्ये (चित्रातल्या लाल रंगाच्या नोंदीत) मुळात माहितीच थोडी, त्यामुळे वाढले ते दाणे. दाणे वाढले की फाईल फुगते. मग लाल निम्म्यावर आणला. हे सगळं मूळ फाईलवर करायचं, हेही ठेच लागूनच शिकलो. आधी ग्रुपवरून परत उतरवलेल्या तुकड्यावरच अर्धा तास घालवला होता. एकदा चेपलेलं परत चेपलं की त्यातले चौकोनही इमानेइतबारे जपले जातात.

उरलेलं काम कात्रीने केलं. सेकंदाला ६० फ्रेम्स होत्या, त्या ३० केल्या. दोन मिनिटांचे ७० सेकंद केले, कारण खरं सांगायचं तर मधली ५० सेकंदं फक्त माझे पाय होते. आवाज काढून टाकणार होतो, पण बायको म्हणाली, "तो खर्र-खर्र श्वास राहू दे, त्यातच गंमत आहे." मोनोत (एकाच ट्रॅकवर), सेकंदाला ६४ किलोबिटवर ठेवला. अर्ध्या एमबीचा प्रश्न.

शेवटची फाईल ५३ एमबी. ग्रुपवर व्हिडिओ म्हणून न टाकता डॉक्युमेंट म्हणून जोडली, म्हणजे ॲप परत हात लावत नाही. पुण्याच्या मित्रांसाठी सहा मिनिटांची फोर-के फाईल यूट्यूबवर अनलिस्टेड (लिंक असेल त्यालाच दिसेल अशी) चढवली. तिथेही व्हिडिओ दाबतातच, पण फोर-के दिलं की जरा हात सैल सोडतात.

संध्याकाळी आत्याचा फोन आला. मासे दिसले, पट्टेही मोजले म्हणे, पाच आहेत. मग आवाज खाली आणून विचारलं, "पण पोरीच्या मागे तिची टाकी धरून सारखा चिकटलेला तो माणूस कोण?"