जरा खिसका

आमची ग्वाल्हेरची मराठी ऐकून पुण्याच्या पाहुण्यांना हसू येतं. मी "जरा खिसका" म्हटलं की मावसभाऊ लगेच सुधारतो, "अरे, सरका म्हण!" आता त्याला काय सांगायचं? बाड्यावरून हजिऱ्याला जाणाऱ्या टेम्पोत सरका म्हणून कुणी सरकत नाही. तिथे तिघांच्या बाकावर चौघं बसलेले असतात, पाचवा चढतो, ड्रायव्हर मागे न बघताच ओरडतो, "थोड़ा खिसक लो भैया," आणि जागा होते. कुठून होते, ते मला चाळीस वर्षांत कळलेलं नाही.

गेल्या डिसेंबरात असाच अंग चोरून बसलो होतो. समोर मफलरवाले एक काका आणि एक तरुण मुलगा यांची जुंपली होती. देश कोण बुडवतंय, हा विषय. मोबाइल एकमेकांच्या नाकासमोर नाचत होते. ऐकून मला नेहमीचा कंटाळा आला. हल्ली लग्नात, तेराव्यालासुद्धा हेच. माणसांचं आता एकमेकांशी जमायचं नाही, असं माझं जवळजवळ ठरलेलंच होतं.

वाटेत पेरूची टोपली घेऊन एक म्हातारी चढली. भांडण न थांबवता दोघंही खिसकले. "अम्मा, डलिया इधर दो," म्हणत मुलानं टोपली मांडीवर घेतली आणि मग टोपलीवरून वाकून काकांना पुढचा मुद्दा सुनावला. काका एका हातानं टोपलीचा काठ धरून उत्तर देत होते. खड्डा आला की दोघांचे हात एकदमच टोपलीवर पडायचे. हजिरा आला तरी मिटलं काहीच नव्हतं. पेरू मात्र एकही पडला नाही.

मी निघालो होतो तानसेन समारोहाला. 1924 पासून चालत आलेला हा सोहळा. रात्रीच्या बड्या मैफिलींना गर्दी लोटते, पण मला पहिल्या दिवसाची सकाळ जास्त आवडते. सूफी संत मोहम्मद गौस यांचा जाळ्याजाळ्यांचा भला मोठा मकबरा, त्याच्या कुशीत तानसेनची छोटीशी समाधी, शेजारी ती चिंच. पाला खाल्ला की गळा गोड होतो म्हणे. मी लहानपणी भरपूर खाल्लाय, गळा आहे तसाच आहे. आधी सनई वाजते. मग ढोलीबुवांच्या परंपरेतली हरिकथा होते आणि पाठोपाठ मिलाद, म्हणजे पैगंबरांचं गुणगान. बुवा उठतात, मौलाना बसतात. "आता आपण एकतेचं दर्शन घेणार आहोत" असं कुणी म्हणत नाही, हे फार बरं आहे. म्हटलं असतं तर मी उठून गेलो असतो.

तसं ग्वाल्हेरच्या गाण्याला हे नवं नाही. वासुदेवबुवा जोशी हस्सूखाँकडे शिकले, त्यांच्याकडे शिकायला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथवर आले आणि इथला ख्याल दक्षिणेत घेऊन गेले. आज मिरजेत-पुण्यात कुणी आ लावला की त्यात आमच्या गावच्या एका खाँसाहेबांचा थोडा श्वास असतो. पुण्याच्या मावसभावाला हे सांगायचं राहिलंय.

पोचलो तेव्हा सतरंजी भरली होती. एकच फट दिसली, आणि तिच्या शेजारी आमचा दादा. चुलतभाऊ. लष्कर भागातल्या आमच्या वाड्याच्या वाटण्या झाल्या, अंगणाच्या मधोमध भिंत आली, तेव्हापासून आम्ही बोलत नाही. सहा वर्षं झाली. भिंतीपलीकडचा त्याचा खोकला मला ओळखू येतो, पण बोलणं नाही. परत फिरावं असं वाटलं. पण मागून येणाऱ्यांनी ढकललं आणि मी त्याच्यासमोर उभा.

त्यानं वर पाहिलं. बाजूला ठेवलेली चपलांची पिशवी उचलून मांडीखाली घेतली आणि खिसकला. मी बसलो. गुडघ्याला गुडघा लागत होता.

हरिकथा संपेपर्यंत कुणी काही बोललं नाही. मौलाना बसायला येत होते, त्या मधल्या गडबडीत त्यानं समोर बघतच विचारलं,

"आज नळ किती वाजता आला तुमच्याकडे?"

"सहाला."

"आमच्याकडेही सहालाच," तो म्हणाला.