दात काढू नकोस, बेनेडिक्ट म्हणतात

मी फार मोठ्याने हसतो. म्हणजे बाजूच्या फ्लॅटमध्ये कळतं की आमच्याकडे टीव्हीवर काहीतरी कॉमेडी लागलीये, इतकं. लहानपणी आई "दात काढू नकोस" म्हणून ओरडायची, आता बायको नुसती बघते. त्यामुळे संत बेनेडिक्टची नियमावली वाचायला घेतली (७३ प्रकरणं, पण बरीचशी अगदी छोटी) तेव्हा सातव्या प्रकरणात मी अडकलोच.

बेनेडिक्ट म्हणजे सहाव्या शतकातले, इटलीत मॉन्ते कॅसिनोचा मठ काढला तेच. युरोपातले कितीतरी ख्रिस्ती मठ आजही ह्यांच्याच नियमांवर चालतात. तर हे सातवं प्रकरण नम्रतेवर आहे, १२ पायऱ्यांची शिडी आहे, आणि त्यातली दहावी पायरी काय, तर पटकन हसू नये. मूर्खाचाच आवाज हसताना चढतो, असं वचनही जोडलंय. अकरावीत पुन्हा तेच, बोलायचं ते हळू, थोडकं आणि न हसता. आणि त्याआधी चौथ्या प्रकरणात फार हसण्याची, गदागदा हसण्याची आवड धरू नका असं सांगून झालेलंच असतं. मूळ लॅटिन शब्दात अंग हलवणारं हसू असा काहीसा भाव आहे, म्हणजे आपलं 'गदागदा' तिथे एकदम फिट्ट बसतं.

मला आधी वाटलं, काय रुक्ष माणूस आहे हा. मौनाच्या प्रकरणात हसण्यावर बंदी घातलीये ते समजू शकतो, पण नम्रतेत कशाला? हसण्याचा आणि अहंकाराचा काय संबंध?

तो संबंध मला बाराव्या शतकातल्या क्लेरव्होच्या बर्नार्डकडे (फ्रान्समधल्या क्लेरव्हो मठाचा प्रमुख) सापडला. ह्या गृहस्थाने बेनेडिक्टची शिडी उलटी केली, वर चढायच्या १२ पायऱ्यांऐवजी अहंकारात खाली उतरायच्या १२, आणि त्यातली तिसरी म्हणजे खुळचट आनंद. ज्याला स्वतःची खोट बघायचीच नाहीये, फक्त आपलं चांगलं तेवढंच आठवायचंय, अशा मठवाशाला हसू आवरतच नाही म्हणे, हवा भरलेल्या फुग्याला बारीक भोक पाडून दाबलं की तो कसा आवाज करत सुटतो तसं. तोंडावर हात दाबून धरतो तर नाकातून फस्सकन बाहेर येतं. हे वाचून मी गदागदा हसलो, काय करणार. इतकं बारीक वर्णन करणारा माणूस रुक्ष असूच शकत नाही, त्याने प्रार्थनेच्या वेळी शेजारच्याला असं फुटताना नक्की बघितलं असणार (किंवा स्वतःच फुटला असेल).

पण मग जरा चपापलो पण. कारण मीटिंगमध्ये मी जोक मारतो, सगळ्यांच्या आधी मीच हसतो, आणि हसता हसता कोण कोण हसतंय ते बघून घेतो. फुगाच की तो.

गंमत म्हणजे त्याच परंपरेचे जे पूर्वज, चौथ्या-पाचव्या शतकातले इजिप्तच्या वाळवंटातले तपस्वी, त्यांच्या गोष्टी भयंकर विनोदी आहेत. दोन म्हातारे वर्षानुवर्षं एकत्र राहतात, कधी भांडलेले नाहीत, तर एक म्हणतो चल, लोकांसारखं एकदा भांडून बघू, ही वीट मधे ठेवतो, मी म्हणतो माझी, तू म्हण माझी. ठरल्याप्रमाणे सुरू करतात. माझी. नाही, माझी. बरं, तुझी आहे तर घेऊन जा. संपलं भांडण, जमलंच नाही!

आणि माझा सगळ्यात लाडका बुटका योहान. तरुणपणी मोठ्या भावाला म्हणाला, मला देवदूतांसारखं राहायचंय, कामधंदा नको, अखंड भक्ती. अंगावरचं वस्त्र टाकलं आणि निघाला वाळवंटात. आठवड्याने परत. दार वाजवलं. आतून आवाज, कोण? मी योहान, तुझा भाऊ. योहान तर देवदूत झाला, तो आता माणसांत नसतो. अरे मीच आहे, उघड! नाहीच उघडलं, सकाळपर्यंत बाहेर. सकाळी दार उघडून भाऊ म्हणाला, तू माणूस आहेस, खायचं असेल तर काम करावं लागेल. योहानने मुकाट्याने माफी मागितली.

तो भाऊ रात्रभर दाराआड हसला का, हे गोष्टीत नाहीये. मला विचाराल तर हसला असणार, तोंडावर हात दाबून, नाकातून.