इंग्लंडच्या भिंतीत रुतलेला प्लग

सप्टेंबर जवळ आला की इकडे शिकायला निघालेल्या मुलांच्या आयांचे मला फोन सुरू होतात. कुकर द्यावा का, मिक्सर द्यावा का, भाजणी किती बांधून द्यावी. प्लगबद्दल कुणी विचारत नाही. पोरगं इथे उतरतं, मोबाइलचा दोन पिनांचा चार्जर भिंतीपाशी नेतं, तर तो आत जातच नाही. मग घरातला एखादा सीनियर युक्ती सांगतो: वरच्या भोकात पेन खुपस आणि चार्जर दाब.

दाबला की जातो. बाहेर यायला मात्र कुरकुरतो.

लंडनजवळच्या आमच्या स्लाऊमध्ये पाच-सहा मुलांनी मिळून घेतलेल्या घरातून एका रात्री फोन आला, "काकू, काकांना जरा पाठवता का? प्लग अडकलाय." आम्ही दोघंही गेलो. एकाने भिंतीला पाय लावलेला, दुसऱ्याच्या हातात सांडशी. यांनी आधी ती सांडशी काढून घेतली. "अहो काका, बटण बंद केलंय की!" सॉकेटवर बटण असलं की आपल्याला वाटतं, काम झालं. पण बऱ्याच सॉकेटमध्ये ते बटण फक्त लाईव्ह, म्हणजे वीज आणणारी तार तोडतं, परतीची न्यूट्रल जोडलेलीच राहते. आणि खेचाखेचीत आतलं काय तुटलंय हे बाहेरून दिसत नाही. म्हणून आधी जिन्याखालच्या फ्यूज बॉक्समधला एमसीबी, म्हणजे त्या लाइनची वीज तोडणारा खटका, खाली पाडायचा. इथे बहुतेक घरांत एका मजल्यावरचे सगळे सॉकेट एकाच रिंगवर, म्हणजे गोल फिरवून आणलेल्या एकाच वायरीवर, 32 अँपिअरच्या एकाच एमसीबीवर असतात. त्यामुळे तो पाडला तेव्हा टीव्ही, राउटर सगळंच बंद पडलं आणि वरच्या खोलीतून ओरडा आला.

अडकतं का, तर त्या सॉकेटच्या आत लाईव्ह आणि न्यूट्रलच्या भोकांवर स्प्रिंगचे पडदे असतात. इंग्लिश प्लगची वरची, अर्थची पिन मुद्दाम लांब केलेली. ती आधी शिरते, पडदे उघडते, मग बाकीच्या दोन जातात. लहान मुलांनी बोटं-खिळे घालू नयेत म्हणून ही सोय. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घरांच्या वायरिंगचा विचार करायला जी समिती बसली, तिच्यात कॅरोलिन हॅस्लेट ही इलेक्ट्रिकल इंजिनिअर एकटी बाई होती. त्यातूनच पुढे चौकोनी पिनांचं मानक 1947 साली निघालं. म्हणजे गोल पिना आपल्या गळ्यात घालून साहेब गेला, आणि त्याच वर्षी त्याने स्वतःसाठी वेगळा प्लग काढला!

आता पेन काढून घेतलं की पडदा खाली यायला बघतो आणि पिनेवर आदळतो. चार्जरच्या पिनेचं धातूचं टोक मागच्या प्लास्टिकच्या भागापेक्षा किंचित जाड असतं. पडद्याची कड त्या टोकामागे धरली की जितकं ओढाल तितकी ती घट्ट बसते. यांनी एमसीबी पाडल्यावर दुसऱ्या सॉकेटला दिवा लावून वीज खरंच गेल्याची खात्री केली, मग प्लास्टिकच्या चमच्याचा दांडा अर्थच्या भोकात घालून पडदा वर केला, आणि चार्जर बोटांनी निघाला. सॉकेट मात्र आम्ही वापरू दिलं नाही. एजंटकडून दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन आला, त्याने ते बदललं, आणि बिल मुलांच्या नावावर पडलं. हे मला योग्यच वाटलं, मुलांना वाटलं नाही.

एका बाबतीत मात्र असला चमचाही चालवू नका. प्लगभोवती तपकिरी डाग असेल, किंवा घरात मासे नसताना सुकटासारखा वास येत असेल, तर प्लग अडकलेला नाही, वितळून चिकटलेला आहे. ढिल्या जोडात उष्णता साठते, तापून आतली पट्टी आणखी ढिली होते, ती आणखी तापते. थंडीत तीन किलोवॉटचा हीटर स्वस्तातल्या अडॅप्टरवर तासन्‌तास चालवला की हे होतं. तिथे एमसीबी पाडायचा आणि थेट इलेक्ट्रिशियनला बोलवायचं.

तर बॅग भरताना एवढं करा. चार्जरची फक्त यूएसबी केबल द्या, ठोकळा इथे घेऊ दे. मिक्सर देणार असाल तर खुशाल द्या. व्होल्टेज इथेही 230 आहे, चटणी वाटून होते. फक्त त्याचा प्लग कापून इथला बसवून घ्यावा लागतो, आणि तेही माहीतगाराकडून, कारण आपल्या जुन्या वायरीत लाल-काळा-हिरवा असतो, तर इथे तपकिरी लाईव्ह, निळा न्यूट्रल, हिरवा-पिवळा अर्थ. इथल्या प्रत्येक प्लगच्या पोटात फ्यूज असतो: साधारण सातशे वॉटपर्यंत 3 अँपिअरचा, त्यावर 13 चा. साडेसातशे वॉटच्या मिक्सरला 3 चा घातला तर ओलं खोबरं वाटताना तो उडू शकतो. फ्यूजचं पाकीट सुपरमार्केटात मिळतं, भारतातून नको.