ईएसआर ११८, आणि म्हणे काही नाही

जुलैमधली केस आहे, अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहितेय. देवगडकडच्या एका छोट्या लॅबमध्ये १४ वर्षं टेक्निशियन आहे. पावसात डेंग्यू आणि लेप्टोची इतकी गर्दी असते की दुपारपर्यंत पाणी प्यायला उसंत नाही.

त्यात हे काका. हापूसची बाग, वय ६५च्या आसपास. वर्षात दोनदा न्यूमोनिया, मध्ये कमरेला नागीण, तिच्यावर कुणीतरी काव लावून दिलेली. चिठ्ठीवर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर, क्रिएटिनिन (किडनीसाठी), बस. ईएसआर म्हणजे तासाभरात तांबड्या पेशी नळीत किती मिलिमीटर खाली बसतात ते. तासाभराने नळी बघितली तर ११८. तापात वाढतो हो, पण एवढा?

मशीनने सगळं ठीक छापलं, हिमोग्लोबिन १३.४. मशीनवर विसंबून स्लाइड न बघणारे आमच्या धंद्यात कमी नाहीत, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं. मी स्लाइड केली, म्हणजे काचेवर रक्ताची पातळ फिल्म. कोकणातल्या पावसात स्लाइड म्हणजे वेगळाच वैताग, फिल्म वाळतच नाही आणि ओलसर राहिली की रंगवल्यावर तांबड्या पेशींत चकचकीत भोकं दिसतात, म्हणून आम्ही हेअर ड्रायर ठेवलाय, थंड हवेवर. बघितलं तर पेशी एकावर एक, नाण्यांच्या चळतीसारख्या. जाड भागात अशा चळती कुणाच्याही रक्तात दिसतात, म्हणून पातळ टोकाकडे गेले, जिथे पेशी सुट्या पडायला हव्यात. तिथेही चळती! मागे फिकट निळसर झाक. दुसरी स्लाइड, तेच. रक्तात प्रोटीन वाढलं की पेशी अशा चिकटतात, म्हणून उरलेल्या सीरमवर पदरखर्चाने प्रोटीनची तपासणी लावली. टोटल ८.८, अल्ब्युमिन ३.८. म्हणजे ग्लोब्युलिन, ज्यात अँटीबॉडी येतात, ते ५, जास्तच.

डॉक्टरांना फोन केला. "अहो इन्फेक्शन आहे, ईएसआर वाढणारच." बऱ्याच विनवण्यांनंतर इलेक्ट्रोफोरेसिसला, म्हणजे प्रोटीन वेगवेगळी करून बघायच्या तपासणीला, हो म्हणाले. मुंबईहून रिपोर्ट आला, ग्राफवर गॅमाच्या, म्हणजे अँटीबॉडींच्या जागी सरळ सुळका, एकाच साच्यातल्या अँटीबॉडीचा पट्टा, एम-बँड २.१ ग्रॅम. आयजीजी जातीच्या अँटीबॉडी भरपूर, आयजीए आणि आयजीएम या दुसऱ्या जाती मात्र तळाला गेलेल्या. मग गोव्यात बांबोळीला बोनमॅरो, त्यात अँटीबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा सेल ६ टक्के. कॅल्शियम, किडनी, हाडं चांगली. निदान एमजीयूएस, म्हणजे प्लाझ्मा सेलचा एकच गट वाढलेला, पण कॅन्सर नाही. एम-बँड ३ ग्रॅमच्या आत, मॅरोत १० टक्क्यांच्या आत, म्हणजे मायलोमा (प्लाझ्मा सेलचा कॅन्सर) नाही. पन्नाशीपुढच्या शंभरात साधारण तिघांना हे असतं, वर्षाला १ टक्का लोक मायलोमासारख्या आजाराकडे सरकतात. औषध नाही, तपासत राहायचं.

काका फाईल घेऊन लॅबमध्येच आले. "गो बाय, माका रोग आसा की नाय, ता एकदा सांग."

सून मागून फणकारली, "काहीच नाही तर एवढं पळवलंत कशाला?" गाडीभाडं त्यांच्या खिशातून गेलेलं, तिचं काय चुकलं.

मग बागेवरून सांगितलं, प्लाझ्मा सेल म्हणजे राखणीचे गडी आणि इन्फेक्शन म्हणजे वानर. राखणीला दहा गडी ठेवलेत, त्यातल्या एकाने आपलेच भाऊबंद आणून भरलेत, माणसं वाढलेली दिसतात पण वानर आले तरी कुणी उठत नाही आणि जुने कामाचे गडी कमी झालेत. काकांना लगेच पटलं. त्या भाऊबंदांवर नजर ठेवणाऱ्या टी सेल आणि एनके सेल या प्रतिकाराच्या पेशीसुद्धा या टप्प्यावरच ढिल्या पडायला लागतात, हे मात्र मी गिळलं. माणूस आधीच घाबरलेला.

मला राग येतो तो "काही नाही" या शब्दांचा. कॅन्सर नाही, मान्य. पण स्वीडनमधल्या नोंदींत अशा लोकांना इन्फेक्शन साधारण दुप्पट आढळलीत, मग काकांचे न्यूमोनिया, ती नागीण, हे कुणाच्या खात्यावर? एकाच माणसावरून छातीठोक सांगता येत नाही, तेही कळतं. एमजीयूएस हे नाव १९७८ सालचं, आणि त्या नावातच, शेवटच्या "अनडिटरमाइंड सिग्निफिकन्स"मध्ये, लिहिलंय की याचा अर्थ ठरलेला नाही.

न्यूमोनियाची लस घेतली त्यांनी, शरीराने ती किती मनावर घेतली कोण जाणे. जानेवारीत तपासणीची आठवण करायला फोन केला तर म्हणाले, "मोहराची फवारणी होवंदे, मगे येतंय." ३० वर्षं फवारतायत. अमेरिकेत फवारणी करणाऱ्यांमध्ये हेच एमजीयूएस जवळजवळ दुप्पट सापडलं होतं, २००९ साली. तोंडाला निदान फडकं तरी बांधा म्हटलं, तर हसले नुसते.