मणक्याची गादी, एमआरआय आणि माझा अंगठा

सिलिंडर मी उचलला नव्हता, हे आधीच सांगते कारण सगळे तेच विचारतात. नुसता ओट्याखाली सरकवत होते, वाकलेल्या अवस्थेत जरा वळले आणि कंबरेत खट्कन झालं. उसण भरली असेल म्हणून शेक घेतला, दुसऱ्या दिवशी ऑफिसलाही गेले. आईने तर खालच्या मजल्यावरच्या पायाळू काकांना बोलावून कंबरेला पाय लावून घेतला (हसू नका, आमच्याकडे उसण भरली की पहिला डॉक्टर तोच). चार दिवसांत कंबर जरा हलकी झाली आणि दुखणं उजव्या कुल्ल्यातून मांडीच्या बाहेरून थेट पावलापर्यंत उतरलं. शिंक आली की करंट. बसलं की सगळ्यात जास्त, म्हणजे लोकलमध्ये भांडुप ते सीएसएमटी मी दाराजवळ उभी आणि बायका दया येऊन चौथी सीट देतायत, मी नको नको म्हणतेय, त्यांना वाटत असेल हिला काय माज आलाय.

एमआरआयमध्ये एल 4-एल 5 ची, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी बाहेर येऊन उजव्या पायात जाणारी एल 5 नस दाबतेय असं निघालं. पहिल्या सर्जनने फिल्म उजेडाला धरली, दोन मिनिटं बघितली आणि म्हणाले याच आठवड्यात ऑपरेशन करून टाकू, लगेच बाहेर कॅशलेसच्या काउंटरवर पाठवलं. मी इतकी घाबरले होते की फॉर्म भरायला पण घेतला. घरी आल्यावर नवरा म्हणाला, पाय तपासला का? तेव्हा लक्षात आलं की मला साधे बूटही काढायला सांगितले नव्हते.

मग केईएम या पालिकेच्या हॉस्पिटलात केसपेपर काढला. तिथल्या डॉक्टर मॅडमनी फिल्म बाजूला ठेवली आणि मोजे काढायला लावले. आडवं झोपवून पाय सरळ वर उचलला, अर्ध्यावरही गेला नाही तोवर मी किंचाळले. मग त्यांनी माझ्या पायाच्या अंगठ्यावर बोट ठेवलं, म्हणाल्या अंगठा वर खेचून धरा, मी खाली दाबते, जाऊ द्यायचा नाही. नाही जाऊ दिला. टाचांवर चालायला लावलं, तेही जमलं. लघवी अडते का, किंवा सुटते का, बसायच्या जागी बधिरपणा आहे का, हेही खोदून विचारलं, म्हणाल्या यातलं काही झालं तर रात्री दोन वाजले असतील तरी थेट इमर्जन्सीला यायचं, अपॉइंटमेंट वगैरे बघायची नाही. पण ताकद शाबूत आहे म्हणजे थांबायला वेळ आहे. बाहेर आलेला तुकडा बऱ्याचदा शरीर स्वतःच हळूहळू खाऊन टाकतं, आणि बहुतेकांना दीड ते तीन महिन्यांत बराच फरक पडतो. त्यांनीच नेदरलँड्समधला 2007 सालचा अभ्यास सांगितला, 283 पेशंट, काहींचं लवकर ऑपरेशन, बाकीचे थांबले. ऑपरेशनवाल्यांचा पाय लवकर शांत झाला पण वर्षाने दोन्हीकडचे साधारण सारखेच बरे, थांबलेल्यांपैकी 39 टक्क्यांना मात्र शेवटी ऑपरेशन लागलं. मला हे असं कोणीतरी दोन्ही बाजूंनी सांगायला हवं होतं.

थांबणं सोपं नव्हतं हं. नसेसाठी प्रेगाबालिन दिली होती, त्याने इतकी गुंगी की एकदा येताना सीटला टेकल्या टेकल्या झोपले ती ठाण्याला जाग आली. घराजवळच्या एका सेंटरमध्ये ट्रॅक्शनचं, म्हणजे कंबर ताणून घ्यायचं पॅकेज घेतलं, ते पैसे पाण्यात. फिजिओ खरी कामाला आली, पालथं झोपून हातांवर छाती उचलायची, दिवसातून पाच-सहा वेळा. दुसऱ्या आठवड्यात कंबर जास्त दुखायला लागली म्हणून मी रडकुंडीला, तर ती खूश! म्हणे पावलातलं दुखणं गुडघ्यापर्यंत आलं ना, मग ते वर सरकतंय, हेच पाहिजे.

सातव्या आठवड्यात मात्र रात्रीची झोप पार गेली, तेव्हा मणक्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं. पालथी झोपवून एक्स-रेच्या स्क्रीनवर बघत सुई घालतात, औषध आत गेलं तेव्हा दुखणं बरोब्बर त्याच रेषेने पावलापर्यंत धावलं, मग बधिर. संध्याकाळी घरी. याने गादी जागेवर जात नाही, सूज उतरते तेवढ्या काळात व्यायाम करून घ्यायचा. (शुगर असेल तर आधी सांगा, काही दिवस वाढते.) माझ्या पॉलिसीने फिजिओचा एक रुपया दिला नाही, ऑपरेशनचा मात्र सगळा द्यायला तयार होती, हे गणित मला अजून पचलेलं नाही.

आणि ऑपरेशन वाईट असंही नाही. माझ्या दिराची चप्पल चालताना पायातून सुटायची आणि त्याला कळायचंही नाही, पाऊल वर उचलतच नव्हतं. त्याचं मायक्रोडिस्केक्टॉमी, म्हणजे छोट्या छेदातून गादीचा तुकडा काढायचं ऑपरेशन, लगेच झालं, दुसऱ्या दिवशी चालला. त्याच्या जागी मी असते तर मीही थांबले नसते.

आता पाच महिने झाले. अंगठ्याजवळ पावलावर रुपयाएवढी जागा अजून बधिर आहे, अंघोळीच्या वेळी अंगठा वर करून बघायची सवय लागलीये. सीट घेते पण कुर्ला आलं की उठून उभी राहते. आई बिल्डिंगभर सांगते की पायाळू काकांच्या लाथेनेच गुण आला, फक्त जरा उशिरा लागू पडली.